डुंकलवाइत्सन: एक्स्ट्रॅक्टची कृती ऑल-ग्रेनमध्ये बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत, एका बिअर कारखान्याच्या ब्रूहाउसमध्ये माझी बावीस वर्षं गेली. आता मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडं गेलो की आम्ही बापलेक मिळून वीस लिटरची डुंकलवाइत्सन, म्हणजे गव्हाची गडद बिअर, लावतो. तिच्या ओळखीतली जालना, लातूर, नांदेडकडची बरीच मुलं तिकडं घरी बिअर करतात. सुरुवात सगळ्यांनी एक्स्ट्रॅक्टच्या डब्यापासून (मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, आटवलेला गोड अर्क) केलेली, आणि आता थेट धान्यापासून, म्हणजे ऑल-ग्रेन, करायची इच्छा. त्यांचे फोनवरचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

हे मराठवाड्यात घरी करता येईल का?

बिअर नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. कलम ६५ त्यासाठीच आहे आणि घरच्यापुरती बनवली म्हणून सूट मिळत नाही. सुट्टीत गावी येणाऱ्या मुलांना मी हे आधी सांगतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटरपर्यंत. जर्मनीतही घरी पिण्यापुरती करता येते, विकता येत नाही. तुम्ही राहता तिथला नियम वाचा आणि मगच गंज चुलीवर चढवा.

इकडं बसून मॅश, म्हणजे भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात धरून त्यातली साखर उतरवणं, शिकायचा असेल तर यीस्ट न टाकता गोड मॉल्टपाण्यापर्यंत जाता येतं. ३०० ग्रॅम भरडलेलं मॉल्ट आणि एक लिटर पाणी ६६ अंशांवर तासभर चांगल्या कॅसरोलमध्ये ठेवायचं, गाळायचं, उकळायचं, सुंठ-वेलदोडा घालून प्यायचं. आपल्याकडं लेकरांसाठी मोडाच्या गव्हाचं सत्त्व करतात, त्याच कुळातली ही चव. मात्र त्याच दिवशी संपवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते बाहेर राहिलं तर आपोआप आंबायला लागतं.

एक्स्ट्रॅक्ट सोडून धान्यावर आलो म्हणजे नेमकं काय बदललं?

एक्स्ट्रॅक्ट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मॅश करून, गाळून, आटवून ठेवलेलं मॉल्टपाणी. उसाचा रस आटवून काकवी करतात, तसंच. डबा उघडला त्या क्षणी मॅशचं तापमान, पाण्याचा गुण, गव्हाचं प्रमाण, सगळं आधीच ठरलेलं असतं. ऑल-ग्रेनमध्ये हे निर्णय तुमच्या हातात येतात. म्हणून नुसता किलोला किलोचा हिशेब करून भागत नाही. हिशेब सोपा आहे, तो पुढं देतोच. पण कृती फसते ती गहू, पाणी आणि तापमान या तीन ठिकाणी, आणि माझी बहुतेक उत्तरं त्यांच्याबद्दलच आहेत.

एक किलो एक्स्ट्रॅक्टच्या जागी किती धान्य?

कोरडं एक्स्ट्रॅक्ट असेल तर साधारण १.६५ किलो, पातळ असेल तर १.३५ किलो. हे आकडे कुठून येतात ते कळलं की तुमच्या भांड्याप्रमाणं बदलता येतात.

एक किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट एक लिटरच्या हिशेबानं ३७० गुण देतं, पातळ एक्स्ट्रॅक्ट साधारण ३००. गुण म्हणजे घनतेतले शेवटचे अंक, १.०५० म्हणजे ५०. गहू मॉल्ट, पिल्सनर (फिकं बार्ली मॉल्ट), म्युनिक (त्याहून गडद बार्ली मॉल्ट) यांची सरासरी कमाल ३१२ च्या आसपास. पण धान्यातलं सगळंच पाण्यात उतरत नाही. घरच्या साधनांवर ७२ टक्के उतरलं तर चांगलं, म्हणजे किलोला सुमारे २२५ गुण. ३७० ला २२५ ने भागलं की १.६५ येतात.

पहिल्या वेळी ६५ टक्केच धरा. दोन-तीन खेपांनंतर स्वतःचा आकडा कळेल. तो वहीत लिहून ठेवा.

पूर्ण उदाहरण द्याल का?

वीस लिटरची नेहमीची एक्स्ट्रॅक्टची कृती घेऊ: कोरडं गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट २.५ किलो, भिजवायला कॅरामेल गहू २५० ग्रॅम, साल काढलेलं काळं भाजकं मॉल्ट १०० ग्रॅम, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) ३० ग्रॅम. घनता १.०४९ च्या आसपास.

२.५ गुणिले ३७० म्हणजे ९२५ गुण. भागिले २२५, म्हणजे ४.१ किलो धान्य. आता हे ४.१ किलो सगळंच गहू मॉल्ट घ्यायचं का? नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त चूक होते. 'गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट' असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी त्यात बहुतेक वेळा ६० ते ६५ टक्केच गहू असतो, बाकी सातू, म्हणजे बार्ली. तुमच्या डब्याचं प्रमाण कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. जर्मनीत वाइत्सन (गव्हाची बिअर) म्हणवून घ्यायला निम्म्याहून कमी गहू मॉल्ट चालत नाही, त्यामुळं ६५ टक्के अगदी रीतीला धरून आहे.

म्हणून गहू मॉल्ट २.६ किलो, म्युनिक १ किलो, पिल्सनर अर्धा किलो. कॅरामेल गहू आणि काळं मॉल्ट होतं तितकंच. एकूण ४.४५ किलो.

म्युनिक मी मुद्दाम घातलं आहे. फिक्या एक्स्ट्रॅक्टला काळ्या मॉल्टनं रंग दिला की बिअर दिसते गडद, पण चव पातळ राहते. डुंकलवाइत्सनला पावाच्या कडेसारखी, भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव हवी. ती म्युनिकमधून येते. नुसती आकडेमोड केली असती तर ती मिळाली नसती.

रंग फिका आला. काय चुकलं?

काही चुकलं नाही. एक्स्ट्रॅक्ट आटवताना आणि साठवणीत गडद होत जातं, शिवाय एक्स्ट्रॅक्ट दहा लिटरमध्येच दाट उकळून वरून पाणी घालतात, त्यानं आणखी गडद होतं. ताज्या धान्यात तेवढी भर पडत नाही. पुढच्या वेळी काळं मॉल्ट २५ ग्रॅम वाढवा, त्याहून जास्त नको. करपट चव या बिअरला शोभत नाही.

धान्य पिठाच्या गिरणीवर दळलं तर?

नको. बार्लीचं टरफल शाबूत राहिलं पाहिजे, कारण पुढं तेच गाळणीचं काम करतं. गिरणीत त्याचा भुगा होतो. रोलरची घरगुती चक्की घ्या किंवा दुकानातून भरडून आणा. गव्हाचा दाणा बारीक आणि कडक असतो, त्यामुळं बार्लीसाठी ठेवलेल्या रोलरच्या फटीतून तो अख्खाच सटकतो. गहू वेगळा, थोडी फट कमी करून भरडा. मूठभर भरड तळहातावर घेऊन बघायची: गहू लापशीच्या रव्यासारखा, एका दाण्याचे तीन-चार तुकडे झालेले, आणि बार्लीची टरफलं उघडी पडलेली पण सलग. अख्खे दाणे दिसले तर परत भरडा. घनता कमी येण्याचं कारण मला निम्म्या वेळा इथंच सापडलं आहे.

पाणी किती आणि किती गरम?

४.४५ किलो धान्य साधारण ४.४ लिटर पाणी पिऊन टाकतं. तासाभराच्या उकळीत साडेतीन लिटर उडतं, तळाच्या गाळात दीड लिटर जातं. हाती वीस लिटर हवं तर सुरुवात साडेएकोणतीस लिटरनं करावी लागते. म्हणून चाळीस लिटरचा गंज घ्या. तिसाचा पुरत नाही.

तापमानासाठी एक सूत्र पाठ करा: ०.४१ ला किलोमागच्या लिटरनं भागा, धान्याला जितके अंश चढवायचे त्यानं गुणा, आणि हव्या असलेल्या तापमानात मिळवा. किलोला ३ लिटर पाणी आणि मॅश ६६ अंशांवर हवा असेल, तर म्युनिकच्या तळघरातल्या १० अंशांच्या धान्याला ७३.७ अंशांचं पाणी लागतं. तेच धान्य आपल्याकडं मे महिन्यात खोलीत ३८ अंशांवर असेल तर ६९.८ पुरे. जवळजवळ चार अंशांचा फरक, फक्त धान्य कुठं ठेवलंय त्यावर. दुसऱ्याच्या कृतीतलं पाण्याचं तापमान जसंच्या तसं उचलू नका, आधी धान्यात थर्मामीटर खुपसा.

मॅश ६५-६६ वर राहिला तर बिअर हलकी उतरते, ६८-६९ वर गेला तर जड आणि गोडसर. एक्स्ट्रॅक्टची बिअर १.०१६ वर अडकल्याची तक्रार बरीच मुलं करतात. ६५-६६ वर एक तास धरलं तर १.०१२ पर्यंत सहज खाली येते.

४४ अंशांचा थांबा घ्यायचाच का?

घ्या. ऑल-ग्रेनवर येण्याचं या बिअरपुरतं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर हेच. वाइत्सनमधला लवंगेचा वास यीस्ट तयार करतं, पण त्याचा कच्चा माल, फेरुलिक आम्ल, धान्यातून सुटावा लागतो, आणि तो ४३ ते ४५ अंशांवर चांगला सुटतो. डब्यातल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये हे तुमच्या हातात नव्हतं. केळ्याचा वास वेगळ्या वाटेनं, थेट यीस्टकडून येतो. म्हणून एक्स्ट्रॅक्टच्या बऱ्याच वाइत्सन नुसत्या केळ्याच्या वाटतात.

वरच्या धान्याला ९.८ लिटर पाणी घ्या. धान्य २० अंशांवर असेल तर पाणी ४८.५ अंश. ढवळल्यावर ४४ वर बसेल. पंधरा मिनिटं थांबा. मग ८ लिटर उकळतं पाणी ओतत ढवळा, ६६ वर पोचेल. हे ८ लिटर मी ९८ अंशांच्या उकळत्या पाण्यावर काढलेत. म्युनिक समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे मीटरवर आहे आणि आपलं संभाजीनगरही पावणेसहाशेच्या आसपास, त्यामुळं दोन्हीकडं पाणी ९८ लाच उकळतं. समुद्रकाठच्या गावात अर्धा लिटर कमी लागेल.

जुनी बव्हेरियन रीत म्हणजे मॅशचा दाट भाग बाजूला काढून उकळून परत ओतणं. त्यानं चव खोल होते, पण पहिल्या खेपेला करू नका. गव्हाचं दाट पिठल्यासारखं बुडाला लागतं.

मॅश अडकला, थेंबही खाली येईना. आता?

गव्हाला टरफल नसतं. ६५ टक्के गहू म्हणजे गाळणी निम्म्याहून कमी, आणि वर गव्हाचा चिकटपणा. कारखान्यात फिरते सुरे लावलेली टाकी असते, ते धान्याचा थर कापत राहतात, म्हणून इतक्या वर्षांत मला ही अडचण हातानं सोडवावी लागली नव्हती. मुलीच्या घरी पहिल्यांदा केलं तेव्हा मी तूस घातलं नाही, गरज वाटली नाही. तोटी उघडली, दोन लिटर आलं, धार सुतळीएवढी झाली आणि थांबली. हात घातला तर तळाशी कणकेसारखा लगदा. ढवळलं, परत बसला. ढवळण्यात तापमान ६६ वरून ५८ वर आलं. शेवटी मुलीनं धुतलेला पंचा आणला, सगळं त्यात बांधून आम्ही चक्का टांगतात तसं टांगलं आणि दीड तास पिळत बसलो. बिअर झाली, पण गढूळ आणि तुरट.

तेव्हापासून २०० ते २५० ग्रॅम भाताचं तूस घातल्याशिवाय मी तोटीच्या टाकीत गव्हाचा मॅश लावत नाही. तूस, कोंडा नव्हे. कोंडा टाकलात तर चिकटपणा वाढेल. आधी दोन-तीन पाण्यांत धुवा, धूळ भरपूर निघते. आणि तोटी पहिली दहा मिनिटं अगदी थोडीच उघडा. घाई केली की थर आवळतो.

ज्यांच्याकडं तोटीची टाकी नाही त्यांनी जाळीच्या कापडी पिशवीत मॅश करावा. पिशवी उचलायची, निथळू द्यायची, हलकी पिळायची. गव्हासाठी ही पद्धत मला जास्त आवडते.

मॅश पूर्ण झाला हे कसं ओळखायचं?

पांढऱ्या बशीत चमचाभर मॉल्टपाणी घ्या, त्यात धान्याचा कण नको, आणि आयोडीनचा एक थेंब सोडा. निळा-काळा डाग पसरला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. थेंब आपल्याच तांबूस रंगात राहिला तर झालं. काळा रंग कसा दिसतो हे माहीत नसेल तर आधी भिजलेल्या साबुदाण्यावर टाकून बघा, एकदा बघितला की विसरत नाही. बशीतलं ते पाणी फेकून द्या, गंजात ओतू नका.

पाण्याची काळजी आताच का? एक्स्ट्रॅक्टला तर नळाचं चालायचं.

कारण मॅश तेव्हा दुसऱ्यानं, त्याच्या पाण्यात केला होता. धान्यातले एन्झाइम ५.२ ते ५.५ पीएचवर नीट काम करतात आणि जड पाणी पीएच वर ढकलतं. मराठवाड्यातल्या माणसाला जड पाणी समजावून सांगावं लागत नाही, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चहाच्या पातेल्यावर रोज दिसतो. म्युनिकचं पाणीही असंच चुन्याचं. तिथं गडद बिअर रुजली त्यामागं हेही एक कारण आहे, काळं मॉल्ट आम्लता आणून पीएच खाली ओढतं. पण आपल्या कृतीत काळं मॉल्ट फक्त १०० ग्रॅम आहे, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पाणी आदल्या रात्री उकळून ठेवा, चुना तळाला बसेल, वरचं निवळ पाणी घ्या. नाहीतर निम्मं आरओचं पाणी मिसळा. उकळण्यानं क्लोरीनही जातं, नाहीतर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो.

हॉप्स तितकेच ठेवायचे?

थोडे कमी. दाट मॉल्टपाण्यात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो, आता पूर्ण वीस लिटर पातळ उकळता म्हणून जास्त उतरेल. ४ टक्के अल्फाचे (कडूपणा देणाऱ्या आम्लाचे) हालरटाउ जातीचे हॉप्स ३० ऐवजी २५ ग्रॅम, साठ मिनिटं. साधारण १२ आयबीयू (कडूपणाचं माप) येतात, पुरे आहेत. झाकण ठेवू नका. पिल्सनर मॉल्टमधला उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर जायला हवा. आणि पहिली उकळी फुटताना समोरून हलू नका, गव्हाच्या प्रथिनांमुळं फेस दुधासारखा उतू जातो.

वीस लिटर उकळतं पाणी गार कसं करू?

एक्स्ट्रॅक्टमध्ये वरून गार पाणी ओतून काम व्हायचं, आता तांब्याची गुंडाळी लागेल. तिकडं नळाचं पाणी थंड असतं, वीस-पंचवीस मिनिटांत भागतं. पण तेवढा वेळ नळ वाहता सोडणं मला जमत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला लावली. ते दिवस पाहिलेल्या माणसाचा हात आपोआप तोटीकडं जातो. आम्ही गुंडाळीतून येणारं गरम पाणी बादल्यांत धरतो. पहिल्या दोन बादल्या भांडी धुवायला, बाकीच्या कपड्यांना.

मोजली तर घनता १.०४२ च भरली.

अर्धा किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट कपाटात असू द्या. २०० ग्रॅमनं वीस लिटरची घनता जवळजवळ ४ गुणांनी वाढते. यात कमीपणा नाही. फक्त हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) वीस अंशांवर वाचा, गरम मॉल्टपाण्यात तो कमी दाखवतो.

यीस्ट बदलावं लागतं का?

नाही, तेच वाइत्सनचं यीस्ट, १८ अंशांच्या आसपास. एकच नवी गोष्ट: पूर्ण उकळीत पाण्यातली हवा निघून जाते, आणि पूर्वी वरून ओतायच्या पाण्यातून ती परत मिळायची. आता गार झाल्यावर पिंप दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. बाटलीत भरताना लिटरला ८ ते ९ ग्रॅम साखर, जाड काचेच्या बाटल्या. पातळ बाटल्या फुटतात आणि डोळ्याला इजा होते.

आपला गहू, आपली ज्वारी वापरता येईल?

गहू येतो. मोड न आणलेला गहू एक किलोपर्यंत गहू मॉल्टच्या जागी घाला. त्यात स्वतःचे एन्झाइम जवळजवळ नसतात, पण बाकीच्या मॉल्टमधले पुरतात. चव थोडी कच्च्या पिठाकडं झुकते.

ज्वारीचं वेगळं आहे. तिचा स्टार्च गव्हाहून जास्त तापमानाला फुलतो, मॅशमध्ये नुसती टाकली तर तशीच राहते. आधी कण्यांसारखी शिजवून घालावी लागते. मोड आणायचे असतील तर वाळवल्यावर मोड आणि मुळ्या पूर्ण चोळून काढा. कोवळी ज्वारी खाल्ल्यानं जनावर दगावतं हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. तेच सायनाइडचं विष मोडातही तयार होतं.

एवढ्या चोथ्याचं काय करायचं?

संभाजीनगरच्या कारखान्यांतला चोथा दूधवाले घेऊन जातात, म्हशींना चांगला मानवतो. घरच्या चार किलोंचा चोथा आठ किलो भरतो आणि उन्हाळ्यात सहा तासांत आंबतो, म्हणून लगेच हात घाला. आधी तूस वेगळं निघत नाही हे लक्षात ठेवा, ते टोचतं. त्यामुळं खायचा चोथा हवा असेल तर त्या दिवशी पिशवीची पद्धत घ्या आणि तूस वगळा. मुठीत घट्ट पिळून, ओव्हनमध्ये ९० अंशांवर कुरकुरीत वाळवून, बारीक दळून चाळायचा. तीन वाट्या भाजणीला एक वाटी हे पीठ, कांदा, तीळ, कोथिंबीर. आमच्याकडं बिअर लावली की रात्री ही थालीपीठं ठरलेली, आणि मुलगी भाजणी इकडून नेते.